उदयनराजे नक्की कुठल्या पक्षाचे?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)

एप्रिल २०२५ मध्ये फुले जयंतीला पुण्याच्या फुले वाड्यावर जाऊन साताऱ्याच्या छत्रपती घराण्याचे खासदार उदयनराजे जे बोलले, त्यावरून शेजारच्या धाग्यावर हाणामारी चालू आहे. मुलींची पहिली शाळा थोरल्या प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याच्या राजवाड्यात काढली आणि फुल्यांनी त्यांचं अनुकरण केलं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. तिथे प्रत्येक जण आपापलं जुनं उट्टं काढतोय, म्हणून हा वेगळा धागा. फुल्यांचा विषय यात येईलच, पण मला आधी माणसाच्या कारकिर्दीबद्दल बोलायचंय.

टीका नेहमीची ठरलेली आहे, हा माणूस पक्ष बदलतो. मला उलट वाटतं. कुठल्याच पक्षात ते खऱ्या अर्थाने शिरलेच नाहीत, तर बदलणार काय! १९९६ ला अपक्ष म्हणून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. तेव्हा शिवसेनेचे हिंदुराव नाईक निंबाळकर निवडून आले. १९९८ ला काका अभयसिंहराजे, म्हणजे आपले भाऊसाहेब महाराज, काँग्रेसकडून लोकसभेवर गेले. त्यांच्या रिकाम्या विधानसभेच्या जागेवर पुतण्या भाजपकडून आमदार झाला आणि युती सरकारात महसूल राज्यमंत्रीही. १९९९ ला खुनाच्या खटल्यात अटक, काकांकडून पराभव, मग तुरुंगवास आणि शेवटी निर्दोष सुटका. बाहेर कुठे असं झालं असतं तर राजकारण तिथंच संपलं असतं. इथे दहा वर्षांनी, २००९ ला, राष्ट्रवादीने त्यांनाच लोकसभेचं तिकीट दिलं आणि ते दणदणीत निवडून आले. २०१४ ला मोदी लाट असताना राष्ट्रवादीचा हा खासदार साडेतीन लाखांच्या वर मताधिक्याने आला. राज्यात राष्ट्रवादीची धूळधाण उडाली होती त्या वर्षी.

या सगळ्या वाटचालीत त्यांच्या वक्तव्यांना पक्षाच्या भूमिकेचा धागा कुठेच दिसत नाही. ते बोलतात ते गादीवरून. म्हणून एक दिवस ते भाजपवाल्यांपेक्षा कडक वाटतात आणि दुसऱ्या दिवशी भाजपच्याच काळातल्या राज्यपालांना घालवा म्हणतात. हे बरं की वाईट, यावर बोलूया. भाषा सांभाळा, संपादकांना त्रास नको.

कोरेगावचा_पैलवान

महाराजसाहेब कुठल्या पक्षाचे हा प्रश्नच चुकीचा हाय. पक्ष महाराजसाहेबांचा असतो. 🚩

कऱ्हाडकर_काका

पैलवान, मग ऑक्टोबर २०१९ ला पक्ष कुठं गेला होता?

नव्या मुलांसाठी सांगतो. एप्रिल-मे २०१९ मध्ये राष्ट्रवादीकडून सव्वा लाखाच्या फरकाने निवडून आले. चार महिन्यांत खासदारकीचा राजीनामा, १४ सप्टेंबरला दिल्लीत अमित शहांच्या उपस्थितीत भाजप प्रवेश. पोटनिवडणूक विधानसभेबरोबरच २१ ऑक्टोबरला लागली. राष्ट्रवादीने श्रीनिवास पाटलांना उभं केलं. आमच्या पाटण-कऱ्हाडचा माणूस, निवृत्त सनदी अधिकारी, सिक्कीमचे माजी राज्यपाल. १८ तारखेला साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले आणि लोकसभेला उमेदवार देण्यात आपली चूक झाली हे सरळ कबूल केलं. पुढचं महाराष्ट्राने पाहिलं. राजे ८७ हजारांवर मतांनी पडले.

मला त्या निकालातला दुसरा भाग जास्त बोलका वाटतो. त्याच दिवशी, त्याच मतदान केंद्रांवर, सातारा विधानसभेला शिवेंद्रराजे भाजपकडूनच उभे होते. तेही राष्ट्रवादी सोडून आलेले, तेही त्याच घराण्याचे. ते निवडून आले! म्हणजे लोकांचा राग घराण्यावर नव्हता आणि पक्षबदलावरही सरसकट नव्हता. चार महिन्यांपूर्वी दिलेलं मत विचारल्याशिवाय परत केलं, त्याचा तो राग होता.

शिरवळची_लेक

काका, मुद्दा पटला, पण पावसाची गोष्ट जरा जास्तच पुराण झालीय. लोकसभा मतदारसंघ सहा विधानसभांचा आहे. वाई, कोरेगाव, कऱ्हाड उत्तर, कऱ्हाड दक्षिण, पाटण आणि सातारा. साताऱ्यात "महाराज" हा शब्द चालतो, कऱ्हाड-पाटणला यशवंतरावांचा वारसा चालतो. २०१९ ला उमेदवार कऱ्हाड-पाटण पट्ट्यातला होता, हा हिशेब पावसाआधीच झालेला होता.

आणि ईव्हीएमचं कोणी बोललंच नाही. २०१९ च्या निकालानंतर, राष्ट्रवादीचे खासदार असताना, याच राजेंनी मतदान यंत्रांवर शंका घेतली होती. मतपत्रिकेवर निवडणूक घ्या, मी राजीनामा देतो असं आव्हान दिलं होतं. राजीनामा दिला खरा, पण वेगळ्याच कारणासाठी. तीन महिन्यांत यंत्रावरचा विश्वास कसा बसला, हे त्यांना एकाही पत्रकाराने नीट विचारलं नाही याचंच मला जास्त वाईट वाटतं.

माणदेशी_मेंढरू

शिरवळच्या ताई +१००. विचारलं असतं तर कॉलर उडवली असती आणि तीच बातमी झाली असती 😀

मिरज_जंक्शन

आम्ही सांगलीकर. आमच्याकडे वसंतदादांचं घराणं आहे, त्यामुळे तुमचं दुखणं कळतं. २०२४ ला दादांचे नातू विशाल पाटील यांना आघाडीत तिकीट मिळालं नाही, जागा ठाकरेंच्या शिवसेनेला गेली. ते लिफाफा चिन्हावर अपक्ष उभे राहिले आणि लाखभर मतांनी निवडून आले. इथे घराण्याचं नाव होतंच, पण "नातवावर अन्याय झाला" ही भावना मतदारानेच उचलून धरली. तुमच्या राजेंना अन्याय झाला म्हणून मत मिळाल्याचं आठवत नाही. त्यांना मान म्हणून मिळतं. आणि मान म्हणून दिलेलं मत हिशेब मागत नाही, हाच तुमचा घोटाळा आहे.

कोरेगावचा_पैलवान

सांगलीकरांनी आधी आपली हळद बघावी.

[संपादक: यानंतरचे तीन प्रतिसाद काढले आहेत. जिल्ह्यांवरून भांडण्यासाठी वेगळा विभाग आहे.]

शाहूपुरीकर

मिरज_जंक्शन यांचं शेवटचं वाक्य मनाला लागलं, पण पूर्ण खरं नाही. २०२४ चा आकडा बघा. मार्चमध्ये तिकिटासाठी राजेंना दिल्लीत मुक्काम ठोकावा लागला. समोर शशिकांत शिंदे, माथाडी चळवळीतले, जावळी-कोरेगावात घट्ट. मोदींची कऱ्हाडला सभा झाली. एवढं सगळं होऊन मताधिक्य ३२,७७१. आणि "पिपाणी" चिन्ह असलेल्या एका अपक्षाला मिळाली ३७,०६२ मतं. शरद पवार गटाचं चिन्ह "तुतारी वाजवणारा माणूस". यंत्रावर पिपाणी आणि तुतारी यात किती जणांची गफलत झाली हे कोणी सिद्ध करू शकत नाही, पण साताऱ्यात भाजपचा पहिला खासदार या पिपाणीच्या आवाजात आला हे नाकारता येत नाही. साडेतीन लाख, सव्वा लाख, पराभव, तेहतीस हजारांच्या आत. मानाच्या मतालाही हिशेब कळतो, उशिरा का होईना.

आता वक्तव्यांकडे येतो. ज्यांना ती नुसती बेताल वाटतात त्यांनी ती एका ओळीत लावून बघावीत.

२०१८, गणेशोत्सव. डॉल्बीवर बंदी, पोलीस ठाम. राजे म्हणाले डॉल्बी वाजणारच, आणि विसर्जनही मंगळवार तळ्यातच. शहराच्या मध्यातलं तळं, पाण्याची काय अवस्था होते हे आजूबाजूला राहणाऱ्यांना विचारा. पण त्यांचं म्हणणं तळं आमचं, परंपरा आमची.

जानेवारी २०२०. मोदींची शिवरायांशी तुलना करणारं पुस्तक दिल्लीत प्रकाशित झालं. भाजपमध्ये असूनही राजेंनी ती तुलना मान्य केली नाही, मात्र त्याच दमात पवारांना "जाणता राजा" म्हणण्यावरही तुटून पडले. संजय राऊतांनी वंशज असल्याचे पुरावे मागितले आणि त्यावर सातारा बंद झाला.

जुलै २०२०. राज्यसभेत शपथ घेताना "जय भवानी, जय शिवाजी" म्हणाले. सभापती व्यंकय्या नायडूंनी समज दिली. राज्यभर निषेध सुरू झाले, आणि राजेंनीच पुढे येऊन सांगितलं की अपमान झाला नाही, झाला असता तर तिथंच राजीनामा दिला असता. इथे मात्र त्यांनी पक्षाला वाचवलं, हे नोंदवून ठेवतो.

नोव्हेंबर २०२२. राज्यपाल कोश्यारींनी छत्रपती शिवाजी महाराजांना जुन्या काळातले आदर्श म्हटलं. राजेंनी पत्रकार परिषद घेतली, डोळ्यांत पाणी आलं, राज्यपालांना हटवा म्हणाले, डिसेंबरात रायगडावर जाऊन आक्रोश केला. तेव्हा ते भाजपचेच राज्यसभेचे खासदार होते. भाजपमधले बाकीचे किती जण तोंड उघडून बोलले?

ओळीत लावल्यावर दिसतं की घराण्याच्या नावाला धक्का लागला की पक्ष गेला खड्ड्यात. धक्का नसेल तर पक्ष कुठलाही चालतो.

पोवई_नाका

पोवई नाक्यावरचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे भुयारी रस्ता, विसरलात? जानेवारी २०२१. अधिकृत उद्घाटन ठरायच्या आधीच महाराजसाहेब गाडी घेऊन आत शिरले आणि उद्घाटन करून बाहेर आले. आमच्या नाक्यावरची कोंडी तेवढ्याने सुटली नाही, पण मनोरंजन झालं.

खटावकर_मास्तर

शाहूपुरीकर, आरक्षण राहिलं. सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला स्थगिती दिली, तेव्हा राजे म्हणाले की मराठ्यांना द्यायचं नसेल तर सगळ्यांचंच आरक्षण रद्द करा आणि गुणवत्तेवर होऊ द्या. रागाच्या भरात अनेक जण असं बोलतात. पण ज्या गावात मी शिकवलं तिथे मराठ्याची, माळ्याची, धनगराची, महाराची, रामोशाची पोरं एका बाकावर बसायची, आणि राजेंना "महाराज" ही सगळीच म्हणायची. गादीवरून बोलायचं तर ती सगळ्यांची गादी. या वाक्याने ती एका जातीची झाली. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या वक्तव्यांत हे सगळ्यात महागात पडलेलं.

आणि औरंगजेबाची कबर. मार्च २०२५ मध्ये म्हणाले जेसीबी लावून उखडून टाका. सातारची गादी ज्यांनी उभी केली ते शाहू महाराज १६८९ पासून १७०७ पर्यंत मोगलांच्या कैदेत होते. वडिलांची हत्या त्या बादशहानेच केलेली. तेच शाहू सुटून आल्यावर खुलताबादला त्या कबरीला भेट देऊन आले, असं इतिहासकार लिहितात. १७०८ ला साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला तो त्यानंतर. ज्याला सूड घ्यायचा सगळ्यात जास्त अधिकार होता त्याने तिथं काय केलं, हे त्याच गादीच्या वंशजाने सांगितलं असतं तर महाराष्ट्र ऐकत राहिला असता.

कोरेगावचा_पैलवान

मास्तर तुमचा आदर हाय. पण तेव्हा शाहू महाराज नुकतेच सुटलेले, आजूबाजूला मोगलच. राजकारण म्हणून गेले असतील की. आता कशाला झुकायचं?

खटावकर_मास्तर

राजकारण म्हणून गेले असतील, मान्य. राजकारण कळत होतं म्हणूनच राज्य अटकेपर्यंत गेलं, बाळा.

शिरवळची_लेक

आता फुल्यांवर या, कारण धागा त्यावरूनच निघालाय.

सावित्रीबाईंचं नायगाव आमच्या खंडाळा तालुक्यातलं. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण, मास्तरांच्या खटाव तालुक्यातलं. म्हणजे माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. राजेंना साताऱ्याचा अभिमानच सांगायचा होता ना? मग साताऱ्याच्या दोन माणसांना एकमेकांसमोर कशाला उभं केलं? तेही फुले वाड्यात, जयंतीच्या दिवशी!

राहिली अनुकरणाची गोष्ट. मुलींच्या शाळेची प्रेरणा कुठून मिळाली हे जोतीरावांनीच सांगून ठेवलंय. अहमदनगरला मिस फरार यांनी मुलींसाठी चालवलेली शाळा पाहून. सावित्रीबाई शिक्षिका म्हणून तयार झाल्या त्यातही नगरच्या फरारबाईंचा वाटा. त्यांनी कुणाचं श्रेय लपवलेलं नाही. आणि मिशनऱ्यांच्या मुलींच्या शाळा मुंबईत १८४८ च्या कितीतरी आधीपासून होत्या. फुल्यांच्या भिडे वाड्यातल्या शाळेचं मोठेपण केवळ "पहिली" असण्यात नाहीच. शूद्र ठरवलेल्या घरातल्या नवरा-बायकोने, सरकार किंवा मिशन पाठीशी नसताना, आपल्याच समाजाचे शिव्याशाप खात शाळा चालवली. राजवाड्यात मुली शिकल्या असतील, तर छानच. राजाच्या दारात शेण फेकायला कोण येतंय?

कऱ्हाडकर_काका

शेवटचं वाक्य!! 👏

शाहूपुरीकर

ताई, पूर्ण सहमत, आणि म्हणूनच मला चीड येते ती वेगळ्या कारणाने. थोरल्या प्रतापसिंह महाराजांबद्दल महाराष्ट्राला काहीच माहीत नाही, आणि आता माहीत झालं ते असं.

१८१८ ला आष्टीच्या लढाईनंतर पेशव्याच्या ताब्यातून सुटलेला पंचवीस वर्षांचा तरुण. नावापुरता राजा होऊन बसता आलं असतं. त्यांनी साताऱ्यात राजवाडा बांधला, महादरे-यवतेश्वराच्या बाजूने शहराला पाणी आणलं, रस्ते केले, शाळा आणि छापखाना काढला. रोज स्वतः कारभार बघायचे. महाबळेश्वरचं ठिकाण १८२९ ला इंग्रजांना देऊन बदल्यात खंडाळा घेतलं, तो करार यांचाच. इंग्रजांना असा कामाचा राजा नको होता. कटाचा आरोप ठेवून १८३९ च्या सप्टेंबरात पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. आरोप मान्य करून सही केली असती तर गादी राहिली असती, त्यांनी सही केली नाही. त्यांचे वकील रंगो बापूजी लंडनला जाऊन वर्षानुवर्षं त्यांच्यासाठी भांडत राहिले. महाराज १८४७ ला काशीतच गेले. पुढच्या वर्षी गादीवरचे भाऊ शहाजीराजे वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. तो दत्तक नामंजूरचा पहिला मोठा घास सातारा. झाशी त्यानंतरची.

हा माणूस फुल्यांच्या पहिल्या-दुसऱ्याच्या स्पर्धेत उभा करायचा? त्यांच्या नावाच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकर नावाच्या मुलाने प्रवेश घेतला, तेव्हा शाळा राजवाड्यातच भरत होती. राजेंनी फुले वाड्यावर एवढंच सांगितलं असतं तरी चाललं असतं.

माणदेशी_मेंढरू

एवढं सांगितलं असतं तर बातमी झाली नसती साहेब.

पोवई_नाका

एक प्रामाणिक प्रश्न. आता दोन्ही राजे एकाच पक्षात, शिवेंद्रराजे डिसेंबर २०२४ पासून सार्वजनिक बांधकाम मंत्री, उदयनराजे खासदार. नगरपालिकेत उदयनराजेंची सातारा विकास आघाडी विरुद्ध शिवेंद्रराजेंची नगर विकास आघाडी हा खेळ, मध्येच मनोमिलन, मग २०१७ चा सुरुचीवरचा, म्हणजे शिवेंद्रराजेंच्या बंगल्यावरचा राडा, हे सगळं बघत आम्ही मोठे झालो. विरोधक म्हणून आता शहरात उरलंय कोण? जलमंदिरचं, म्हणजे उदयनराजेंच्या वाड्याचं चुकलं तर सुरुचीवाले बोलायचे, सुरुचीचं चुकलं तर जलमंदिरवाले. भांडण होतं तोवर निदान एकमेकांच्या फायली बाहेर यायच्या.

कऱ्हाडकर_काका

नाक्या, हे मात्र तू धाग्यातलं सगळ्यात कामाचं बोललास. आमच्याकडेही तीच बोंब, नावं फक्त वेगळी. पण लक्षात ठेव, याच जिल्ह्याने १९५७ ला क्रांतिसिंह नाना पाटलांना लोकसभेवर पाठवलं. प्रतिसरकारचा माणूस. काँग्रेसचा दबदबा असताना. साताऱ्याला राजघराण्याशिवाय आणि साखर कारखान्याशिवायही माणूस निवडता येतो.

कोरेगावचा_पैलवान

काका नाना पाटलांना आम्ही बी मानतो. पण खरं सांगू का. कोविडात माझ्या चुलत्याला बेड मिळत नव्हता. जलमंदिरला फोन लावला, रात्री. काम झालं. तिथं कुणी जात विचारली नाही की पक्ष. तुम्ही शाळा-बिळा, डलहौसी सगळं बरोबर सांगता, पण आमच्याकडं माणूस मत देतो ते या फोनला.

शिरवळची_लेक

आणि बेड मिळायला राजवाड्यात फोन का लावावा लागला, हे विचारायला खासदार लागतो, पैलवानदादा.

कोरेगावचा_पैलवान

ते बी खरं हाय. पण त्या रात्री मला फोन लागला.

खटावकर_मास्तर

पोवई_नाका यांच्या प्रश्नाला धरून. सहा विधानसभांपैकी कुठेही जाऊन खासदाराचं एक काम सांगा म्हटलं तर लोक आधी वक्तव्य सांगतात. आमच्या खटाव-माणला पाणी हा एकच प्रश्न दोन पिढ्यांनी बघितला. जिहे-कठापूर योजना इतकी वर्षं रखडली, तेव्हा गावात कुणी आमच्यासाठी रायगडावर जाऊन आक्रोश केला नाही. कुणीतरी त्यांची संसदेतली भाषणं शोधून इथे टाकेल का? पाण्यावरची, आरक्षणावरची, काहीही. पत्रकार परिषदा नकोत, त्या पाठ आहेत.

शाहूपुरीकर

मास्तर, संसदेच्या संकेतस्थळावर सदस्यानुसार शोधता येतं. लोकसभा आणि राज्यसभा वेगळी बघावी लागेल. रविवारी बसतो, जे सापडेल ते विषयवार इथेच टाकतो. पाण्यावरचं आधी. पैलवान, तुलाही वेळ असेल तर राज्यसभेचा भाग तू घे.

कोरेगावचा_पैलवान

घेतो. पण कमी निघालं तर हसायचं नाय.